दोष डब्यात की जोडात?

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो मूर्खांचा नाही.

गिटारपासून स्पीकरपर्यंत आवाज एका साखळीतून जातो. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीपेक्षा मजबूत नसते. म्हणून प्रत्येक कडी परवडेल तितकी भारी घ्यावी. पेडल ट्रू बायपासचंच हवं, ओव्हरड्राइव्हमधली चिप जुनी जपानी हवी, फझमधले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे हवेत, गिटार संगणकाला जोडणारा इंटरफेस १९२ किलोहर्ट्झचा हवा. घरघर आली, आवाज पातळ झाला, रेकॉर्डिंग चिरकं निघालं, तर कच्ची कडी हुडकून बदलावी. दुकानदार हेच सांगतो, बरोबर वाजवणारे मित्रही हेच सांगतात. आणि जुन्या रेकॉर्डी ऐकल्या की आपल्यालाही ते पटतं, कारण ते आवाज ज्या साधनांतून निघाले ती आज लाखांच्या घरात विकली जातात.

या युक्तिवादात एक गृहीतक न बोलता शिरलेलं आहे. आवाजाचा चांगलेपणा प्रत्येक डब्यात स्वतंत्रपणे वसतो, आणि डबे एकापुढे एक मांडले की त्यांच्या चांगलेपणाची बेरीज होते, हे ते गृहीतक. माझं म्हणणं उलटं आहे. गिटारच्या बाबतीत तरी चांगलं-वाईट बहुतेक वेळा दोन वस्तूंच्या जोडात ठरतं. वैशेषिक दर्शनाचे कर्ते कणाद यांनी शब्दाची उत्पत्ती सांगताना संयोगाचं नाव घेतलं आहे. त्या परंपरेतलं उदाहरण भेरी आणि दांड्याचं, त्यामुळे विजेच्या प्रवाहासाठी त्यांना साक्षीला बोलावणं थोडं ओढाताणीचंच. पण बोट त्यांनी नेमक्या जागेवर ठेवलं होतं.

सुरुवात पिकअपपासून करू. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. सिंगल कॉइलचा इंडक्टन्स साधारण अडीच हेन्री धरा. त्याला केबल जोडली की केबलचा कपॅसिटन्स, मीटरमागे सुमारे शंभर पिकोफॅरड, या वेढ्यांशी मिळून एक अनुनादी मंडल तयार करतो. त्या मंडलाचा एक उंचवटा असतो: तिथल्या कंपनसंख्या ठळक होतात आणि त्यापुढच्या झपाट्याने गळतात. तीन मीटरची केबल असेल तर हा उंचवटा पाच हजार हर्ट्झच्या आसपास येतो, सहा मीटरला चार हजाराच्या किंचित खाली, बारा मीटरला तीन हजाराच्याही खाली. माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो नेमका याच पट्ट्यात. म्हणजे 'माझ्या गिटारचा आवाज' असं आपण ज्याला म्हणतो, त्यातला मोठा वाटा पिकअप आणि केबल यांनी मिळून ठरवलेला असतो. केबलच्या टोकाला सोन्याचा मुलामा आहे की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. जिमी हेन्ड्रिक्स वापरायचा ती वेटोळ्यांची लांबलचक केबल आजच्या फूटपट्टीने 'वाईट' ठरेल, तिचा कपॅसिटन्स भरपूर. तीक्ष्ण स्ट्रॅटोकास्टर आणि मोठ्या आवाजातला अँप यांच्यामध्ये मात्र ती कामाची होती.

आता केबलचं दुसरं टोक. गिटार-अँपचा इनपुट इम्पीडन्स सहसा एक मेगाओहम असतो, म्हणजे पिकअपवर जवळजवळ काही भार पडत नाही. इंटरफेसचा लाइन इनपुट मात्र दहा किलोओहमच्या आसपासचा. अडीच हेन्रीचा पिकअप थेट तिथे लावला, तर एक हजार हर्ट्झच्या वरचं सगळं उतरणीला लागतं आणि उंचवटा गायबच होतो. आवाज मेलेला येतो. इंटरफेसवर 'इन्स्ट' लिहिलेलं किंवा गिटारचं चित्र असलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की तोच इनपुट एक मेगाओहमच्या घरात जातो. हे बटण न दाबता कितीतरी इंटरफेस 'बेकार' ठरून पुन्हा विक्रीला आले असतील. त्या व्यवहारात ना इंटरफेस खराब होता, ना गिटार.

ट्रू बायपासचं प्रकरण यातूनच समजतं, आणि इथे पूर्वपक्षाला त्याचं देणं द्यायला हवं. साठच्या दशकातल्या वॉ-वॉसारख्या अनेक पेडलांत स्विच फक्त आउटपुट तोडायचा. इनपुटचं मंडल बंद अवस्थेतही गिटारवर लटकलेलं राहायचं आणि तीक्ष्णपणा खायचं. पेडल बंद केल्यावर गिटार सरळ तारेतून पुढे जावी, ही मागणी त्या काळी रास्त होती. रोग खरा होता आणि औषधही खरं होतं. पुढे औषधाचंच व्रत झालं.

एक हिशेब करू. पायाशी आठ पेडलं, सगळी ट्रू बायपास, सगळी बंद. गिटारपासून पेडलांपर्यंत सहा मीटर केबल, तिथून अँपपर्यंत सहा, मधल्या तुकड्यांचे मिळून दोन. बंद पेडल म्हणजे नुसती तार, म्हणून ही सगळी चौदा मीटर केबल थेट पिकअपच्या गळ्यात पडते आणि उंचवटा २६५० हर्ट्झच्या आसपास घसरतो. आठ 'शुद्ध' डबे मिळून आवाजावर गोधडी टाकतात. त्यांतल्या पहिल्या डब्याच्या जागी साधा बफर ठेवा. बफर पिकअपला एक मेगाओहम दाखवतो आणि पुढच्या केबलला एखाद-किलोओहमच्या ताकदीने ढकलतो. आता पिकअपला फक्त पहिले सहा मीटर जाणवतात. पुढच्या आठ मीटरमुळे होणारी गळती सुरू होते दोन लाख हर्ट्झच्या आसपास, आणि माणसाचा कान वीस हजाराला थांबतो. १९७७ साली बॉसची छोटी पेडलं बाजारात आली ती बफरसहित. इंग्लंडचे पीट कॉर्निश, ज्यांनी गिटारिस्ट डेव्हिड गिल्मर आणि ब्रायन मे यांच्यासाठी पेडलांच्या मांडण्या बांधल्या, तेही बफरच्याच बाजूचे. मंचावर तीस-तीस मीटर केबल ओढणाऱ्यांचा हा अनुभव होता.

मग सगळीकडे बफर लावावा? तेही नाही, आणि हे उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. १९६६ साली लंडनमधल्या आर्बिटर कंपनीने फझ फेस काढलं. आत दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग. त्याचा इनपुट इम्पीडन्स फारच कमी. पाठ्यपुस्तकाच्या मताने ही चूकच. पण त्या कमी इम्पीडन्समुळे पिकअपचे वेढे पेडलच्या मंडलाचा भागच होऊन बसतात. गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की फझ विरत जाऊन आवाज जवळजवळ स्वच्छ होतो, ती करामत या जवळिकीची. मध्ये बफर घाला: फझ चिरकं होतं आणि व्हॉल्यूमची ती मजा जाते. तेच पेडल, तोच बफर. एका जागी बफर तारतो, दुसऱ्या जागी मारतो. म्हणून फझ आधी, बफर त्याच्यामागे. 'बफर चांगला की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे. कशाच्या पुढे आणि कशाच्या मागे, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. तंबोऱ्याची जवारी भोपळ्याच्या किमतीवर लागत नाही, तार आणि घोडी कुठे टेकतात त्यावर लागते, तसंच हे.

घरघरीकडे वळू. इथे पूर्वपक्षाचा इलाज सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत निरुपयोगी असतो. 'नॉइज गेट घे.' गेट काय करतो? वाजवणं थांबलं की दार लावतो. वाजवताना घरघर तशीच मागे चालू असते, फक्त स्वरांनी झाकली जाते. रोगाचं निदान मात्र झालेलंच नसतं.

निदानासाठी आपल्याकडे अन्वय-व्यतिरेकाची जुनी रीत आहे: कारण असताना कार्य दिसावं, कारण काढून घेतल्यावर नाहीसं व्हावं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर चोर गिटारच्या पुढे कुठेतरी आहे. गेला तर व्हॉल्यूम परत वाढवून, गिटार हातात धरून, जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घरघर वाढते आणि दुसरीकडे जवळपास मरते, असं झालं तर पिकअप एखादं चुंबकी क्षेत्र पकडतो आहे: अँपचा ट्रान्सफॉर्मर, अडॅप्टर, भिंतीतली वायरिंग. सेथ लव्हरने गिब्सनसाठी १९५५च्या सुमारास दोन उलट कॉइलींचा हम्बकर बसवला तो याच शत्रूविरुद्ध. आता तारांना बोट लावा. बोट लागताच आवाज कमी झाला तर प्रश्न गिटारच्या आतल्या शील्डिंगचा किंवा घराच्या अर्थिंगचा. पेडल अडॅप्टरऐवजी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. चिरचिर गेली तर दोष अडॅप्टरात, किंवा एकाच अडॅप्टरच्या शेपटीला डिजिटल डिले आणि ओव्हरड्राइव्ह दोघांना बांधण्यात. लॅपटॉपचा चार्जर काढा. शांतता झाली? मग त्या दोन पिनांच्या चार्जरमधून गळणारा किंचित प्रवाह आपल्या गिटारच्या जमिनीवर येत होता. हम्बकर घेऊन तो थांबणार नव्हता, आणि गेट घेऊनही.

आपल्या घरांतला एक खास उपद्रवी प्राणी म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. सलग फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ट्रायक असतो. तो ५० हर्ट्झच्या विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा कापतो, आणि प्रत्येक काप हा रेडिओलहरींचा छोटा स्फोट असतो. सिंगल कॉइल तो आनंदाने ऐकतो. टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या बऱ्याच नव्या रेग्युलेटरांत कपॅसिटर असतात, ते हा त्रास देत नाहीत. एप्रिल-मेमध्ये रेकॉर्डिंग जास्त घरघरतं अशी तक्रार आली, तर मी आधी पंख्याकडे बघतो. स्वस्तातला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर हा दुसरा संशयित. भारनियमनाच्या वेळीच घरघर येत असेल तर पेडलं उघडत बसू नये.

अर्थिंगच्या बाबतीत एक 'इलाज' सर्रास सांगितला जातो: प्लगची जाड, वरची पिन काढून टाक, घरघर जाईल. कधीकधी जातेही. हा सल्ला मी मतभेदाच्या खात्यात टाकत नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ साली स्वान्सीच्या मंचावर अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. जमिनीची तार हा आवाजाचा भाग नाही, जिवाचा आहे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवावीत. यंत्रांना जमिनीच्या एकाहून अधिक वाटा मिळाल्याने होणारे बहुतेक ग्राउंड लूप तिथेच सुटतात.

डिस्टॉर्शन पेडल थेट इंटरफेसमध्ये लावल्यावर येणारा पत्र्याचा कर्कश आवाज ऐकून अनेकांनी पेडल विकलेलं मी पाहिलं आहे. गिटार-अँपचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ बोलतच नाही. डिस्टॉर्शनच्या मंडलाने तयार केलेली वरची सगळी खरखर तो गिळतो, आणि ते पेडल बनवणाऱ्याने हे गृहीत धरलेलं असतं. इंटरफेस वीस हजारापर्यंत सगळं इमानाने लिहून घेतो. त्याचा इमानदारपणाच इथे नडतो. उपाय म्हणजे संगणकात स्पीकरच्या पेटीचं इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे तिच्या आवाजाचा ठसा, घालणं, ज्याच्या फुकट मिळणाऱ्या फायलीही चांगल्या असतात. पेडल तेच राहतं.

चिपांचं आणि जर्मेनियमचं थोडक्यात आटपतो. आयबानीझच्या टीएस-८०८ आणि त्यानंतरच्या टीएस-९ या ट्यूब स्क्रीमरांतला मंडलाचा फरक आउटपुटकडच्या दोन रेझिस्टरांचा आहे. ४५५८ ही पूज्य चिप हजारो रेडिओ-टेपरेकॉर्डरांत बसलेली, मामुली किमतीची. जर्मेनियम खरंच वेगळं वागतं, पण तापमान वाढलं की त्यातला गळतीचा प्रवाह वाढतो आणि मंडलाचा तोल ढळतो. लंडनच्या थंडीत गोड लागणारं फझ मे महिन्यात नागपूरला घुसमटेल. म्हणजे इथेही डब्याचा गुण खोलीच्या उकाड्याशी जोडून बघावा लागतो.

१९२ किलोहर्ट्झवर शाई घालवायची गरज नाही. नमुना-दराच्या निम्म्यापर्यंतच्या कंपनसंख्या तंतोतंत परत मिळतात, हे गणिताने सिद्ध आहे, ४४.१ किलोहर्ट्झ वीस हजारांना पुरून उरतात, आणि गिटारचा स्पीकर पाच हजारांना दमतो. मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाच्या तबकड्यांच्या मार्गात सीडीच्या प्रतीचा, म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचा, अडथळा गुपचूप घातला. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तितकीच येतात. चोवीस बिट मात्र घ्यावेत, कारण तिथे लाभ व्यावहारिक आहे: सूचक शून्याच्या बारा-पंधरा डेसिबल खाली ठेवून निवांत वाजवता येतं, आवाज कापला जाण्याची भीती नाही.

मग पूर्वपक्षाचं हे मत टिकलं कसं? खोट्या मताला अनुभवाचा आधार नसता तर ते कधीच मेलं असतं. नवीन पेडल आणलं आणि आवाज सुधारला, हे लोक खोटं सांगत नाहीत. पण नवीन पेडल लावताना काय काय घडतं ते पाहा. सगळ्या जॅक एकदा काढून परत घातल्या जातात, त्यांच्यावरची काजळी घासली जाते. अडॅप्टर बदलतो, केबलचा एखादा तुकडा बदलतो, बोर्डही कधी बदलतो. आणि बहुतेक वेळा आवाज एक-दोन डेसिबलने मोठा होतो. कमी पातळीवर कानाला खर्ज आणि तार दोन्ही दुबळे ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलं आहे. पातळी वाढली की तेच भरदार वाटतात. त्यामुळे किंचित मोठं ते जवळजवळ नेहमी 'चांगलं' वाटतं. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय सर्वांत महाग गोष्टीला मिळालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण इतर वेळी सहज ओळखतो. बिल हातात असलं की ओळखत नाही.

खोलीचा प्रश्न माइक वापरणाऱ्यांचा. दहा बाय बाराची, फरशीची, सिमेंटच्या उघड्या भिंतींची खोली ५६ आणि ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते. तशा घुमण्याच्या जागा वर आणखी अनेक. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणारे आजही भेटतात. ते मधल्या-वरच्या पट्टीतला थोडासा झणका कमी करतात, खर्जाला हातही लावत नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने तर त्यांचा उपयोग शून्य, कारण आवाज अडवायला वजन लागतं आणि पुठ्ठ्याला ते नसतं. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, कोपऱ्यात उभी केलेली कापसाची गादी, माइकच्या मागे टांगलेली जाड घोंगडी यांनी जास्त काम होतं. त्याहून जास्त काम माइक अँपच्या जाळीजवळ, शंकूच्या मध्यापासून दोन बोटं बाजूला सरकवल्याने होतं. दोन बोटांचं अंतर दोन माइकांमधल्या किमतीच्या फरकाहून मोठं ऐकू येतं. ज्याला शंका असेल त्याने एकच तुकडा दोनदा वाजवून पाहावा.

पूर्वपक्षाचा शेवटचा बाण थोरांच्या साधनांचा. त्याला इतिहासच उत्तर देतो. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा 'नेब्रास्का' न्यू जर्सीतल्या घरात, कॅसेटवर चालणाऱ्या चार-ट्रॅकी टॅस्कॅम पोर्टास्टुडिओवर, शुअर एसएम-५७ माइकांनी टिपला गेला. नंतर बँडसह स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली आणि शेवटी कॅसेटच प्रसिद्ध केली. त्या कॅसेटवरून तबकडी कापताना तंत्रज्ञांचा घाम निघाला, हेही सांगायला हवं. क्वीनच्या रेकॉर्डींवर ब्रायन मेच्या गिटारींचा जो वाद्यवृंद ऐकू येतो, त्यातले कित्येक स्वर त्याच बँडच्या जॉन डीकनने कचऱ्यातून उचललेल्या सर्किट-पट्टीपासून बनवलेल्या बॅटरीवरच्या छोट्या अँपचे आहेत. त्याला एक घरगुती स्पीकर आणि समोर ट्रेबल बूस्टर. बूस्टर काढला तर तो अँप कोणाच्या कामाचा नाही. आणि फझचा जन्म तर उघड बिघाडातून झाला: गायक मार्टी रॉबिन्सच्या १९६१च्या 'डोन्ट वरी'त ग्रेडी मार्टिनचा बेस नॅशव्हिलच्या एका नादुरुस्त चॅनेलमधून गेला, ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो आवाज पुसला नाही, नंतर तसंच मंडल मुद्दाम बनवलं, आणि १९६२ मध्ये ते माएस्ट्रो फझ-टोन म्हणून विकायला आलं. पूर्वपक्षाच्या नियमाने तो चॅनेल बदलायला हवा होता.

यावर कोणी म्हणेल, ही तर अपवादांची माणसं. असतीलही. पण नियम असा होता की कच्ची कडी आवाज बुडवते, आणि इथे कच्ची कडीच आवाज झाली. असा नियम अपवादांनी सिद्ध होत नाही.

महाग वस्तू कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. रोज पायाखाली तुडवला जाणारा स्विच, झीज न होणारा जॅक, प्रत्येक पेडलला वेगळी, एकमेकांपासून तोडलेली वीज देणारा पुरवठा, यांवर पैसे घालावेत. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर त्याआधी घ्यावा. तुटकी केबल ओळखायला त्याची शिट्टी पुरते. राहिला माइकचा सिग्नल वाढवणारा प्रीअँप. तिथे स्वस्त आणि महाग यांतला फरक कानाला कळतो, हे मान्यच आहे. शुअर एसएम-७बीसारख्या कमी ताकदीच्या माइकला साठ डेसिबल स्वच्छ वाढ लागते, आणि हलक्या इंटरफेसला त्या टोकाला नेलं की हिस् सुरू होते. पण तोच इंटरफेस कंडेन्सर माइकला लावा. त्याचा सिग्नल वीसेक डेसिबलने मोठा येतो, गेन अर्ध्यावर ठेवला तरी पुरतो, आणि हिस् ऐकू येत नाही.